डावा कोपरा

झाडीपट्टीत जुलै म्हणजे रोवणीचा महिना. बांध्यांत पाणी साचलेले, चिखलणी चाललेली आणि गावातली तरणी पोरे घरच्या शेतात वाकलेली. याच महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत प्रवेशाची रांग लागते. त्या रांगेतून एखाद्या वर्षी एक मुलगा क्रीडा विभागाच्या दाराशी येऊन उभा राहतो. हातात टीसी आणि मायग्रेशनचा कागद. वडील वेकोलि या कोळसा कंपनीत, बदली होऊन बल्लारपूर भागातल्या खाणीवर आलेले. कधी ते वनखात्यात असतात, कधी पोलिसांत. मुलगा म्हणतो, ‘सर, मी कबड्डी खेळतो. डावा कॉर्नर.’

या एका वाक्याने क्रीडा संचालकाच्या वहीतली तीन वर्षांची आकडेमोड हलते. पहिला विचार साहजिकच आनंदाचा असतो, की चांगला खेळाडू आयता मिळाला. पण बाहेरून आलेला खेळाडू संघात मोकळी खुर्ची पाहून बसत नाही. तो आला की आधीचे तीन-चार जण आपापल्या जागेवरून सरकतात आणि एक जण यादीबाहेर जातो. आलेल्याचे काय करायचे, हे ठरवणे सोपे असते. सरकलेल्यांचे काय करायचे, यावर संघाची पुढची दोन वर्षे ठरतात. मला या लेखात त्या सरकलेल्यांबद्दल सांगायचे आहे.

आधी हा डावा कोपरा काय करतो ते पाहू. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेच्या एका बाजूला साडेसहा मीटरची पट्टी, तिच्यात सात जण. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत दोघे, मग कव्हर, मधोमध एक. चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात. तो बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा त्याचा घोटा सगळ्यात आधी कोपऱ्याच्या टप्प्यात येतो. कोपऱ्याने झडप घालून घोटा धरायचा आणि कव्हरने छातीने डॅश मारायचा किंवा परतीची वाट अडवायची, ही पकडीची मूळ रीत. कोपरा क्षणभर लवकर गेला तर चढाईपटू त्याला शिवून निघून जातो. क्षणभर उशीर झाला तर बोनसही गेला आणि माणूसही.

प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या चढाईला. गावोगावच्या रात्रीच्या सामन्यांत बक्षिसाची पाकिटेही बहुधा चढाईपटूच्या हातात पडतात. पण कबड्डीच्या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे, ती नीट पाहावी. प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत येतो. म्हणजे डाव्या कोपऱ्याने एक पकड केली की बाहेर बसलेला आपला मुख्य चढाईपटू पुन्हा मैदानात येतो, आणि पुढच्या चढाईत त्याने दोन गुण आणले की गुणपत्रकावर ते त्याच्या नावावर चढतात. बोनसचा गुण मात्र कुणाला जिवंत करत नाही. म्हणून नुसत्या बोनसवर जगणारा संघ गुणफलकावर पुढे दिसतो आणि मैदानात हळूहळू रिकामा होत जातो. सगळे बाद झाले की लोण बसतो, समोरच्याला दोन जादा गुण मिळतात. चांगला कोपरा संघाला यापासून वाचवतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्याने पकड साधली तर जादा एक गुणही मिळतो.

आणखी एक परिणाम उशिरा ध्यानात येतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. कोपरा भक्कम असेल तर समोरचा संघ पहिल्या दोन चढायांत खोल यायला धजत नाही आणि तिसऱ्या चढाईत त्याला नाइलाजाने खोल यावे लागते. कोपरा त्याचीच वाट पाहत असतो. असा संघ कमी चढाईपटू घेऊनही निभावतो. म्हणजे बाहेरून आलेल्या एका बचावपटूमुळे बारा जणांच्या यादीत चढाईपटू किती ठेवायचे, हेही बदलते. ज्याचा कोपऱ्याशी काही संबंध नाही असा एखादा चौथा चढाईपटू या कारणाने घरी राहतो.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हाच प्रश्न अजस्र प्रमाणावर उभा आहे. तिथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, अंगावर धडकण्याचा खेळ. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड गडी ओळीने उभे असतात. त्यांना लाइनमन म्हणतात. मधला गडी, म्हणजे सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे देऊन डाव सुरू करतो. इतर चौघांच्या हाताला साऱ्या सामन्यात चेंडू लागत नाही म्हटले तरी चालेल. समोरून धावून येणाऱ्यांना थोपवायचे आणि मागच्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढेच त्यांचे काम. आपल्या कोपऱ्याप्रमाणे त्यांचीही मेहनत दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

पूर्वी तिथे एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या फुटबॉलपटूला साधारण एक वर्ष न खेळता बसावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाची नोंदवही सुरू झाली. खेळाडूने तिच्यात नाव घातले की इतर विद्यापीठे त्याच्याशी थेट बोलू शकतात. २०२१ मध्ये एकदा जागा बदलण्यासाठीची ती एक वर्षाची अट गेली, आणि २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसेही घेता येऊ लागले. त्यामुळे तिथल्या प्रशिक्षकाला आता दर हिवाळ्यात अर्धा संघ नव्याने जुळवावा लागतो.

यातले ओहायो स्टेट विद्यापीठाचे २०२४ चे उदाहरण मला फार शिकवणारे वाटते. आदल्या वर्षी त्यांचा सेंटर होता कार्सन हिन्झमन. हंगामातले बहुतेक सामने तो खेळला, पण शेवटच्या सामन्यात त्याला बसवण्यात आले. मग अलाबामा विद्यापीठातून सेथ मॅक्लॉफ्लिन हा सेंटर ओहायोला आला. १ जानेवारी २०२४ च्या रोझ बाउल सामन्यात त्याने मागे दिलेले काही चेंडू चुकले होते आणि अलाबामा हरली होती. त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला होता. ओहायोत मात्र तो इतका चांगला खेळला की देशातल्या सर्वोत्तम सेंटरला दिला जाणारा रिमिंग्टन पुरस्कार त्या वर्षी त्यालाच मिळाला.

इथवर गोष्ट आलेल्याची. आता सरकलेल्याची. हिन्झमनची जागा गेली होती, आणि पोर्टलचे दार त्यालाही उघडे होते. तो गेला नाही. ऑक्टोबरात ओरेगॉनविरुद्ध डाव्या टोकाचा लाइनमन जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. हा सिमन्सही मुळात दुसऱ्या विद्यापीठातून आलेला. त्याचा बदली खेळाडूही लवकरच जखमी झाला. मग आतल्या जागेवरच्या डोनोवन जॅक्सनला टोकाला सरकवले आणि जॅक्सनच्या जागी हिन्झमनला उभे केले. नोव्हेंबरात सरावात मॅक्लॉफ्लिनचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला, तोही गेला. हिन्झमन पुन्हा आपल्या जुन्या जागी, सेंटरला आला. २० जानेवारी २०२५ ला ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, तेव्हा चेंडू मागे देणारे हात हिन्झमनचे होते.

ज्याला पुरस्कार मिळाला तो अंतिम सामना खेळू शकला नाही. ज्याला बाजूला केले होते तो खेळला. मॅक्लॉफ्लिनला आणणे चूक होते असे यातून निघत नाही; त्याच्याशिवाय नोव्हेंबरपर्यंतचे सामने कसे गेले असते कोण जाणे. पण जागा गेलेल्या मुलाला संघात धरून ठेवले, दुसऱ्या जागेचा सराव दिला, म्हणून तुटलेली ओळ पुन्हा उभी राहिली. त्या संघाचे नियोजन मला मॅक्लॉफ्लिनला मिळवण्यापेक्षा हिन्झमनला टिकवण्यात अधिक दिसते.

आपल्याकडे एवढ्या नोंदी ठेवून पाहता येईल असे उदाहरण प्रो कबड्डी लीगचे आहे. तिथे मामला पैशांचा असल्यामुळे नियोजन उघड्यावर दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये पुणेरी पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली. डाव्या कोपऱ्यात इराणचा नामांकित फझल अत्राचली होता. पुढच्या लिलावाआधी पुण्याने त्याला मोकळे केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. प्रत्येक संघाची खर्चाची मर्यादा ५ कोटी. म्हणजे जवळजवळ अर्धी थैली एका माणसावर.

हे पुण्याला का परवडले? कारण चढाईची फळी त्यांनी आधीच घरात वाढवली होती. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, हरियाणाचा मोहित गोयत यांच्यासारखी मुले कोवळ्या वयात घेऊन त्यांनी टिकवून ठेवली होती, आणि अशा मुलांचे दर लिलावातल्या मोठ्या नावांच्या मानाने कमी असतात. बाहेरच्या माणसाला मोठी रक्कम देण्याची ताकद घरच्या मुलांनी दिली. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवले आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम होता. शादलुई ९९ पकड-गुण घेऊन हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

पुढच्या वर्षी तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याला ३२-२३ ने हरवून पहिले विजेतेपद घेतले. पुणे त्या हंगामात बाद फेरीतही पोचले नाही. दोन वर्षे, दोन संघ, दोन्ही पहिल्यांदा विजेते. हा माणूस जाईल तिथे करंडक जातो, असे कुणालाही वाटावे. मग २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतले. गुजरात बाद फेरीपर्यंत गेले नाही. त्याच हंगामात शादलुईशिवायचे पुणे अंतिम सामन्यात उभे होते, दिल्लीकडून ३१-२८ ने हरले. तोच घोटा धरणारा, तेच हात. फरक त्याच्या आजूबाजूच्या सहा जणांचा आणि बाकावरच्या मुलांचा होता. पकड केल्यावर जिवंत होऊन जो चढाईपटू आत येतो त्याला गुण आणता आले नाहीत, तर कोपऱ्याची झडप वाया जाते.

आपल्या विदर्भात याहून जवळचे उदाहरण आहे, फक्त खेळ वेगळा. क्रिकेटमध्ये विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे याच संघाच्या मुलखात येतात. साठ वर्षे या संघाला अंतिम सामना माहीत नव्हता. मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश हे बाहेरचे फलंदाज संघात आले, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, कर्णधार होता इथला फैज फजल. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर २०१७ च्या डिसेंबरअखेरीस सुरू झालेला रणजीचा अंतिम सामना विदर्भाने १ जानेवारी २०१८ ला दिल्लीला ९ गडी राखून हरवत जिंकला. रजनीश गुरबानीने त्यात हॅटट्रिक घेतली.

त्या सामन्यातले एक नाव मी मुद्दाम वेगळे काढतो. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधले त्याचे ते पहिले शतक, तेही अंतिम सामन्यात. वर जाफर, सतीश यांच्यासारखे मुरलेले फलंदाज, आणि त्यांच्याबरोबर ड्रेसिंग रूममध्ये बसून तो मोठा झाला. पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला, जाफरने त्या हंगामात हजाराहून अधिक धावा काढल्या. मग जाफर निवृत्त झाला. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा कर्णधार होता अक्षय वाडकर.

त्या संघातही पाहुणे होतेच. करुण नायर कर्नाटकातून २०२३-२४ मध्ये आला होता. केरळविरुद्ध नागपुरात झालेल्या अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या, हंगामात ८६३. पण त्याच सामन्यात त्याच्याबरोबर दोन्ही डावांत लांबलचक भागीदारी करणारा दानिश मालेवार पहिल्याच हंगामात होता आणि त्याने १५३ धावा केल्या. हंगामात सर्वाधिक धावा, ९६०, यश राठोडच्या होत्या. हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातला विक्रम केला. ही सगळी घरची मुले. मग करुण नायर कर्नाटकात परतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक घेतला, त्याच्याशिवाय.

पाहुणा दोन वर्षांसाठी येतो हे धरून चालले, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या शेजारी कोण उभा राहील हे ठरवले, की तो गेल्यावर खड्डा पडत नाही. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा पोस्टरवर पुण्या-मुंबईच्या सिनेमा-मालिकेतल्या एखाद्या कलाकाराचे नाव मोठ्या अक्षरात असते. गर्दी त्याच्या नावाने येते. पण रात्रभर नाटक ओढून नेणारे नट, गायक, तबलजी आणि ऑर्गनवाला इथलेच असतात. पाहुणा मधूनच निघून गेला तरी पहाटेपर्यंतचा प्रयोग थांबत नाही.

आता पुन्हा त्या क्रीडा संचालकाच्या वहीकडे येऊ. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले आणि चंद्रपूर, गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याकडे आली. नागपूर विद्यापीठाच्या हद्दीतून इकडे आलेल्या मुलाला मायग्रेशन लागते ते यामुळे. या मुलखाची लांबीच अशी, की गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. सराव शिबिराला मुलगा वेळेवर आला नाही तर तो आळशी असेल असे इथे कुणी म्हणू नये.

एक संघ मनाने उभा करू. बारा जण, सात मैदानात आणि पाच राखीव. उजवा कोपरा तिसऱ्या वर्षाला, मुख्य चढाईपटू तिसऱ्या वर्षाला. डावा कोपरा दुसऱ्या वर्षाला, त्याच्या आतला कव्हर पहिल्या वर्षाला. राखीवमध्ये दोन चढाईपटू, दोन बचावपटू, एक अष्टपैलू. आता बदली होऊन आलेला नवा डावा कोपरा दुसऱ्या वर्षात दाखल होतो आणि निवड चाचणीत तो जुन्यापेक्षा उजवा ठरतो.

सहज सुचते ती मांडणी अशी. नवा डाव्या कोपऱ्यात, जुना कव्हरला, कव्हरचा पहिल्या वर्षाचा मुलगा राखीवमध्ये, आणि राखीवमधला शेवटचा यादीबाहेर. या वर्षी संघ खरोखर मजबूत होतो. पुढच्या वर्षी उजवा कोपरा पदवी घेऊन जातो, त्याच्या जागी तयार कुणी नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी नवा आणि जुना दोघे एकाच दिवशी महाविद्यालय सोडतात, कारण दोघे एकाच वर्गातले. तेव्हा तिसऱ्या वर्षाला पोचलेला तो पहिला कव्हर दोन वर्षे बाकावर बसून आलेला असतो. म्हणजे दोन्ही कोपरे रिकामे आणि मधला मुलगा गंजलेला. एका चांगल्या खेळाडूच्या येण्याने दोन वर्षांनंतरची पडझड आजच ठरून जाते, आणि ती पडझड झाली की त्या वर्षीची मुलेच कच्ची होती, असे आपण म्हणतो.

दुसरी मांडणी जरा कष्टाची. जुन्या डाव्या कोपऱ्याला याच वर्षी उजव्या कोपऱ्याच्या मागे लावायचे. हे दिसते तितके सोपे नसते. डावा आणि उजवा कोपरा एकमेकांचे आरशातले रूप असतात. पुढचा पाय बदलतो, झडपेचा हात बदलतो, चढाईपटू ज्या अंगाने येतो तो कोन बदलतो. दोन-तीन महिने मुलगा चुकतच राहणार. पण पुढच्या वर्षी नवा डावीकडे, जुना उजवीकडे, दोन्ही टोके भक्कम. पहिल्या वर्षाचा कव्हर कव्हरलाच राहतो, त्याचे वर्ष वाया जात नाही. आठवड्यातून दोन दिवस त्याला डाव्या कोपऱ्यात नव्याच्या मागे उभे करायचे, म्हणजे दोन वर्षांनी ती जागा त्याची. वहीत मुलाचे नाव लिहिताना त्याची जागा लिहितात तसे तो कोणत्या वर्षी जाणार हेही शेजारी लिहिले, की ही मांडणी डोळ्यांना दिसू लागते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वह्यांत हा रकाना नव्हता.

आपल्या भागात त्या रकान्यालाही भोके पडतात. पोलीस भरती निघाली, वनरक्षकाची भरती निघाली, की अर्धा संघ पहाटे पळायला लागतो आणि काही जण निवड होऊन वर्षाच्या मध्येच जातात. त्यांना थांब म्हणायचा अधिकार कुणाला नाही, आणि कुणी म्हणूही नये. घरचे धानाचे दीड एकर आणि पाठची दोन भावंडे असलेल्या मुलासाठी खाकी गणवेश म्हणजे सगळे घर उभे राहणे. उलट याच कारणाने बाराव्या आणि तेराव्या नावातली रेघ जपून ओढावी लागते. राज्यात सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्या पात्रतेपर्यंत जाणारी वाट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून, विद्यापीठाच्या निवड चाचणीतून, कलर होल्डर होण्यातून जाते. यादीबाहेर गेलेल्या मुलाचे नुकसान मैदानापुरते राहत नाही.

हे मी एकदा पाहिले आहे. कुठल्या महाविद्यालयाचे ते सांगत नाही. मी तेव्हा संध्याकाळी त्यांच्या मैदानावर बसत असे. आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहणारा, दूरच्या तालुक्यातून आलेला पहिल्या वर्षाचा एक मुलगा कोपऱ्यात खेळायचा. अंगाने बारीक, पण घोट्यावरची त्याची झडप साप चावल्यासारखी. बाहेरून एक तयार खेळाडू आला, आणि एके दिवशी फळ्यावरच्या यादीत या मुलाचे नाव नव्हते. त्याला कुणी काही सांगितले नव्हते. फळ्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला, यादी पुन्हा वरून वाचली. आठवडाभर तो मैदानाच्या कडेला येऊन बसला, मग यायचा थांबला. दिवाळीला गावी गेला तो परीक्षेपुरता परतला. आलेला खेळाडू पुढच्या वर्षी वडिलांच्या पुढच्या बदलीबरोबर निघून गेला. डाव्या कोपऱ्यात त्यानंतर दोन वर्षे कुणीही टिकले नाही. मी त्या मुलाला त्या आठवड्यात विचारू शकलो असतो. विचारले नाही. ती गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून नवा मुलगा दाराशी आला की माझ्या मते पहिली भेट जुन्याशी व्हावी. यादी फळ्यावर लागण्याआधी, मैदानावर, दोघेच असताना. ‘तुझी जागा जाते आहे’ हे त्याला सरांच्या तोंडून कळले पाहिजे, आणि त्याच वाक्यात पुढची जागा कोणती, तिथे पोचायला किती महिने लागतील, हेही. पोरे कडू सत्य पचवतात; त्यांना न विचारलेले पचत नाही. नव्यालाही एक गोष्ट सांगावी लागते, की तो इथे खेळायला आला आहे तसा शिकवायलाही आला आहे. खाणीच्या वसाहतीतल्या किंवा शहरातल्या क्लबात मॅटवर खेळून आलेला मुलगा असेल, तर त्याच्याकडे मातीवर वाढलेल्या मुलांना न ठाऊक असलेल्या दोन-चार गोष्टी असतात. मॅटवरची पायाची पकड वेगळी, बुटांमुळे वळणे वेगळे. त्या त्याने जाताना इथे ठेवून जाव्यात.

सरावात मग दोघांना समोरासमोर सोडावे. जुन्याने चढाई करायची, नव्याने घोटा धरायचा, वीस वेळा. मग उलट. आपल्याच जागेवर चढाई करून पाहिली की कोपऱ्याला स्वतःच्या चुका दिसतात. कुठे आपण लवकर झुकतो, कुठे नजर पायावरून उडून छातीवर जाते, ते. पंधरा दिवसांनी जुन्याला उजवीकडे न्यावे आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाने त्याचा पुढचा पाय हाताने धरून जागेवर ठेवावा. तोवर पहिल्या वर्षाच्या मुलाला डाव्या कोपऱ्याच्या मागे, अंतिम रेषेच्या बाहेर उकिडवे बसवावे. तिथून चढाईपटूचे फक्त पाय दिसतात.